ब्लूबेरी : गुणकारी फळ, पण औषध नव्हे

आकाराने करवंदाएवढे, रंगाने गडद निळे आणि सालीवर पांढरट लव असलेले ब्लूबेरी हे फळ मूळचे उत्तर अमेरिकेतील. तेथील आदिवासी हे रानफळ वाळवून, सुक्या मांसासोबत कुटून प्रवासासाठी बरोबर ठेवीत. त्याची लागवड मात्र अलीकडची. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल आणि शेतकरी कुटुंबातील एलिझाबेथ व्हाइट यांनी रानटी झुडपांतून निवड करून १९१६ मध्ये न्यू जर्सीतील व्हाइट्सबॉग येथून पहिले व्यावसायिक पीक बाजारात आणले. आता मुंबई-पुण्यातही हे फळ मिळते.

पोषणमूल्य

शंभर ग्रॅम ताज्या फळांत सुमारे ८४ टक्के पाणी, ५७ कॅलरी, १० ग्रॅम साखर, २.४ ग्रॅम तंतू आणि १० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते. निळा रंग अँथोसायनिन या द्रव्यांचा असून ती प्रामुख्याने सालीत असतात. त्यामुळे रस गाळून पिण्यापेक्षा फळ सालीसकट खाणे श्रेयस्कर.

दावे आणि वास्तव

रक्तवाहिन्यांचे कार्य सुधारण्यास हे फळ काही प्रमाणात उपयुक्त असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. स्मरणशक्तीबाबतचे निष्कर्ष अद्याप ठोस नाहीत. मधुमेहींनी ते बेताने खाण्यास हरकत नाही. मात्र त्यासाठी गोळ्या वा इन्सुलिन बंद करणे धोक्याचे ठरते. वॉरफेरिन घेणाऱ्या रुग्णांनी आहारात मोठा बदल करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लहान मुलांच्या घशात अख्खे फळ अडकू शकते, म्हणून ते चिरून किंवा कुस्करून द्यावे.

स्वयंपाकघरात

सालीवरील लव हे नैसर्गिक मेण असते. ते फळाचा ओलावा टिकवते. म्हणून फळे खाण्यापूर्वीच धुवावीत. साठवायची असल्यास ताटात सुटी पसरून गोठवावीत व नंतर डब्यात भरावीत. केकच्या मिश्रणात गोठलेली फळेच घातल्यास रंग कमी पसरतो. खाण्याचा सोडा जास्त झाल्यास फळांभोवती हिरवट छटा येते. लिंबाच्या रसाने रंग लालसर खुलतो. दही, लापशी वा श्रीखंडातही ती छान लागतात. सुकवलेली फळे आणि सिरप घेताना वेष्टनावरील साखरेचे प्रमाण अवश्य पाहावे.

महाग ब्लूबेरी परवडली नाही म्हणून खंत करण्याचे कारण नाही. अँथोसायनिन जांभळात आणि करवंदातही असतात, आणि ही फळे उन्हाळ्यात आपल्या दारी येतात.