क्रूझ जहाजांवरील गॅस्ट्रो : साथींचा आणि मोजणीचा इतिहास

क्रूझ जहाजांवर पसरणाऱ्या जुलाब-उलट्यांच्या साथींमागे बहुतेक वेळा नोरोव्हायरस हा विषाणू असतो. शाळा, रुग्णालये, वृद्धाश्रम, उपाहारगृहे अशा जमिनीवरच्या ठिकाणी तो याहून कितीतरी जास्त लोकांना आजारी पाडतो. अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथींपैकी जहाजांचा वाटा सुमारे एक टक्का आहे. तरीही हा आजार जहाजांच्या नावाने ओळखला जातो. प्रत्येक सफरीतल्या आजाऱ्यांची मोजदाद करून ती बंदरातल्या आरोग्य खात्याला कळवण्याचे बंधन जहाजांवर आहे. हॉटेलांवर किंवा लग्नाच्या पंगतींवर ते नाही. हे बंधन कसे आले, हे पाहिले की या साथींचा इतिहासही उलगडतो.

जहाज आणि रोगराई यांचा संबंध जुना आहे. प्लेगच्या भीतीने रागुसा, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिक, शहराने १३७७ मध्ये बाहेरून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळे ठेवण्याचा नियम केला. पुढे व्हेनिसमध्ये ही मुदत चाळीस दिवसांची झाली. एकोणिसाव्या शतकात पटकीने जगभर फेऱ्या मारल्या आणि १८५१ मध्ये पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. १८६५ मध्ये मक्केत हजच्या काळात पटकी पसरल्यावर मुंबईहून जाणाऱ्या यात्रेकरूंच्या जहाजांकडे युरोपीय सरकारे संशयाने पाहू लागली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा पुढच्याच वर्षी व्हेनिसला खास परिषद बोलावली गेली. या साऱ्या काळात एकच प्रश्न विचारला जाई : या जहाजातून रोग बंदरात उतरेल का? प्रवाशांना जहाजावरच काय होते, याची चौकशी गौण होती.

१९५८ मध्ये अटलांटिकवरून जेट विमानांची प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि ही स्थिती बदलली. एका खंडातून दुसऱ्या खंडात माणसे नेणाऱ्या बोटींचा धंदा काही वर्षांतच बसला. मायामी बंदरातून १९६६ मध्ये 'सनवर्ड' हे जहाज कॅरिबियन समुद्रात सहलीसाठी जाऊ लागले. रॉयल कॅरिबियन कंपनी १९६८ मध्ये, तर कार्निव्हल १९७२ मध्ये स्थापन झाली. आता जहाज हेच मुक्कामाचे ठिकाण झाले. आठवडाभर हजारएक माणसे एकाच भटारखान्यातले जेवत, एकाच टाकीतले पाणी पीत आणि त्याच जिन्यांचे कठडे धरत. एक सफर संपवून उतरणारे आणि पुढच्या सफरीसाठी चढणारे प्रवासी यांच्यात जेमतेम काही तासांचे अंतर असे.

सुरुवातीच्या मोठ्या साथी जिवाणूंच्या होत्या. १९७३ मध्ये 'स्कायवर्ड' जहाजावर शिगेला जिवाणूने बहुसंख्य प्रवाशांना आजारी पाडले. दूषित पाणी आणि त्याचा बर्फ हे त्याचे कारण ठरले. अशा घटनांनंतर अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने १९७५ मध्ये जहाज स्वच्छता कार्यक्रम सुरू केला. परदेशी बंदरे घेऊन अमेरिकेत येणाऱ्या आणि तेरा किंवा अधिक प्रवासी वाहणाऱ्या जहाजांची वर्षातून दोनदा, पूर्वसूचना न देता तपासणी व्हावी, असे ठरले. पिण्याचे पाणी, भटारखाना, पोहण्याचे तलाव, मुलांची पाळणाघरे, झुरळ-उंदरांचा बंदोबस्त, दवाखान्यातल्या नोंदी असे सारे काही पाहिले जाते. गुण शंभरपैकी दिले जातात आणि उत्तीर्ण होण्यास ८६ लागतात. हे गुण प्रसिद्ध होत असल्याने कंपन्यांना त्यांची धास्ती असते. १९८६ मध्ये सीडीसीने हा कार्यक्रम गुंडाळला होता. त्यावर टीका झाल्यावर तो पुढच्या वर्षी पुन्हा सुरू झाला आणि १९८८ पासून त्याचा खर्च जहाजांच्या आकारमानानुसार कंपन्यांकडूनच वसूल होऊ लागला.

मात्र या तपासणीची रचना पाणी आणि अन्न यांतून येणाऱ्या जिवाणूंना समोर ठेवून झाली होती. विषाणूची ओळख पटायला वेळ लागला. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ जॉन झाहोर्स्की यांनी १९२९ मध्ये हिवाळ्यात येणाऱ्या उलट्यांच्या आजाराचे वर्णन केले होते; कारण मात्र अज्ञातच होते. १९६८ मध्ये ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावात एका प्राथमिक शाळेतली निम्मी मुले व शिक्षक आजारी पडले. त्यांच्या विष्ठेच्या नमुन्यांत कोणताही परिचित जिवाणू सापडला नाही. १९७२ मध्ये अल्बर्ट कापिकियन यांनी प्रतिपिंडांच्या साहाय्याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली २७ नॅनोमीटरचा कण दाखवला आणि जठर-आतड्यांच्या दाहाला कारण असलेला विषाणू प्रथमच दिसला. गावावरून त्याला नॉरवॉक विषाणू म्हटले गेले. त्याची जनुकीय रचना ह्यूस्टनमधल्या मेरी एस्टेस यांच्या गटाने १९९० मध्ये उलगडली आणि २००२ मध्ये नोरोव्हायरस हे नाव अधिकृत झाले. प्रयोगशाळेत त्याची वाढ करणे मात्र २०१६ पर्यंत कोणाला साधले नव्हते.

जहाजांवर हा विषाणू आधीपासूनच होता. एकाच जहाजाच्या लागोपाठ पाच सफरींत नॉरवॉक विषाणूची साथ चालू राहिल्याचा अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवासी दर वेळी नवे होते, तरी आजार टिकून राहिला. म्हणजे तो जहाजावरच किंवा कर्मचाऱ्यांमध्ये मुक्काम करत होता. १९८६ मधल्या दुसऱ्या एका साथीत सामाईक स्वच्छतागृह वापरणाऱ्यांमध्ये आजाराचे प्रमाण अधिक आढळले. भटारखाना कितीही स्वच्छ असला तरी माणसाकडून माणसाकडे रोग जाऊ शकतो, हे त्यातून पुढे आले.

विषाणूचे गुणधर्मच याला कारणीभूत आहेत. अवघे अठरा कणही लागण करू शकतात, असा अंदाज आहे आणि आजारी माणूस अब्जावधी कण बाहेर टाकतो. उलटीतून उडालेले सूक्ष्म थेंब गालिचा, दाराची मूठ, लिफ्टचे बटण यांवर बसतात आणि विषाणू तिथे कित्येक दिवस टिकतो. त्याला मेदाचे बाह्य आवरण नसल्याने अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर पुरेसे पडत नाही. साबण-पाण्याने हात धुणे आणि पृष्ठभाग तीव्र क्लोरीनने पुसणे हेच उपाय उरतात. लागणीनंतर १२ ते ४८ तासांत उलट्या सुरू होतात. बहुतेक जण एक ते तीन दिवसांत बरे होतात. पण वृद्ध आणि बालकांना शरीरातले पाणी कमी होण्याचा धोका असतो आणि क्रूझवर वृद्ध प्रवासी पुष्कळ असतात.

२००२ हे वर्ष या इतिहासात निर्णायक ठरले. त्या वर्षी जानेवारी ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत सीडीसीकडे १७ जहाजांवरच्या २१ साथी नोंदल्या गेल्या. त्यांपैकी नऊ नोरोव्हायरसच्या असल्याचे सिद्ध झाले. 'ॲमस्टरडॅम' जहाजावर लागोपाठ चार सफरींत आजारी सापडल्यावर कंपनीने नोव्हेंबरमध्ये ते सेवेतून काढले आणि पुरते निर्जंतुक केले. 'डिस्ने मॅजिक' आणि 'कार्निव्हल फॅसिनेशन'वरही साथी झाल्या आणि बातम्यांमुळे 'जहाजांचा आजार' हा समज पक्का झाला. पुढच्या संशोधनात मात्र त्या वर्षी जहाजांवर आढळलेला विषाणूचा नवा उपप्रकारच जमिनीवरच्या साथींमध्येही फिरत असल्याचे दिसले.

यानंतर भर कर्मचाऱ्यांवर आणि पृष्ठभागांवर आला. अन्न हाताळणाऱ्या आजारी कर्मचाऱ्याला लक्षणे थांबल्यावरही निदान ४८ तास कामापासून दूर ठेवण्याचा नियम आहे. गोवा आणि मुंबईतून हजारो तरुण या जहाजांवर स्वयंपाकी, वाढपी आणि खोल्यांचे कर्मचारी म्हणून जातात. त्यांच्याही रोजच्या कामाचे वेळापत्रक हा नियम ठरवतो. आजारी वाढू लागले की बुफेत प्रवाशांच्या हाती डाव देणे बंद होते आणि कर्मचारीच वाढतात. अमेरिकी बंदरात पोहोचण्याच्या २४ ते ३६ तास आधी आजाऱ्यांचा आकडा कळवावा लागतो, तो शून्य असला तरी. प्रवासी किंवा कर्मचारी यांपैकी दोन टक्के आजारी झाले तर खास अहवाल द्यावा लागतो. तीन टक्के किंवा अधिक आजारी पडल्यास जहाजाचे नाव जाहीर होते.

जानेवारी २०१४ मध्ये 'एक्सप्लोरर ऑफ द सीज'वर ६३४ प्रवासी आणि ५५ कर्मचारी आजारी पडले आणि जहाज दोन दिवस आधीच न्यू जर्सीला परतले. अशा मोठ्या घटना एकूण चित्रात विरळ आहेत. २००८ ते २०१४ या काळात सुमारे सात कोटी चाळीस लाख प्रवाशांपैकी १,२९,६७८ जणांना, म्हणजे ०.१८ टक्क्यांना, जुलाब-उलट्या झाल्या. त्यांतला दर दहांमधला साधारण एकच जण साथीतला होता. प्रमाणही या सात वर्षांत घटत गेले. २०२४ मध्ये सीडीसीच्या यादीत १८ साथी होत्या. त्या वर्षअखेरच्या हिवाळ्यात जमिनीवरही जीआयआय.१७ या नव्या उपप्रकाराने अमेरिकेत जोर धरला होता.

इतर देशांत पद्धत वेगळी आहे. २००७ मध्ये अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीने जहाज स्वच्छता प्रमाणपत्र सक्तीचे केले. त्याची मुदत सहा महिन्यांची असते. युरोपीय संघाने प्रवासी जहाजांसाठी २०११ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. भारतात १९५५ च्या बंदर आरोग्य नियमांनुसार मुंबईसारख्या बंदरांतली बंदर आरोग्य संघटना ही तपासणी करते. परदेशातून येणाऱ्या जहाजाला आरोग्य घोषणापत्रात आजाऱ्यांची संख्या नेहमीपेक्षा जास्त होती का, हेही सांगावे लागते. ती माहिती जनतेसाठी प्रसिद्ध करण्याची सक्ती या नियमावलीत नाही. २०२१ पासून मुंबईहून 'एम्प्रेस' जहाजाच्या सहली सुरू झाल्या आणि देशांतर्गत क्रूझचा व्यवसाय वाढू लागला. त्यामुळे जहाजवार आकडे प्रसिद्ध करावेत का, हा अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वी उपस्थित झालेला प्रश्न आता भारतीय बंदरांपुढेही आहे.