कुकी: कार्टपासून पाळतीपर्यंत

वेब मुळात विसराळू आहे. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत ज्या एचटीटीपी या नियमावलीवर ते उभं केलं, त्यात ब्राउझरने पान मागायचं, सर्व्हरने ते द्यायचं आणि व्यवहार तिथेच संपायचा. पुढच्या क्षणी तोच माणूस दुसरं पान मागायला आला, तरी सर्व्हरच्या लेखी तो नवखाच. लेख वाचण्यापुरतं हे चालून गेलं. दुकान मात्र असं चालेना, कारण एका पानावर कार्टमध्ये टाकलेली वस्तू दुसऱ्या पानावर कोणाच्या लक्षातच राहत नव्हती.

१९९४ साली एमसीआय या अमेरिकी दूरसंचार कंपनीसाठी नेटस्केप या ब्राउझर कंपनीत ऑनलाइन विक्रीचं काम चाललं होतं. अर्धवट खरेदीच्या नोंदी आपल्या सर्व्हरवर सांभाळायची एमसीआयची तयारी नव्हती. तेव्हा नेटस्केपच्या लू मॉन्टुली या प्रोग्रामरने ती नोंद गिऱ्हाइकाच्या ब्राउझरकडेच सोपवली. हीच कुकी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या नेटस्केपच्या ब्राउझरच्या बीटा आवृत्तीत ती होती.

प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक देऊन टाकणं हा याहून सोपा उपाय होता. मॉन्टुलीने तो नाकारला, कारण मग सगळ्या साइट्सना आपापल्या नोंदी जुळवून एकाच माणसाचा माग काढता आला असता. त्याऐवजी ज्या साइटने कुकी दिली, तिलाच ती परत मिळावी, असा नियम त्याने ठेवला. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणारा बिल्ला शेजारच्या स्टँडवर चालत नाही, तसंच हे.

प्रत्यक्षात घडतं ते असं. पान पाठवताना सर्व्हर सोबत एक ओळ धाडतो: ‘सेट-कुकी: ओळख=क७३९’. ब्राउझर ती साइटच्या नावाने साठवतो आणि त्या साइटकडे जाणाऱ्या पुढच्या प्रत्येक मागणीसोबत ‘कुकी: ओळख=क७३९’ असं लिहून पाठवतो. जास्तीत जास्त चार किलोबाइटचा हा नुसता मजकूर. तो तुमच्या फायली वाचू शकत नाही, प्रोग्राम म्हणून चालूही शकत नाही. मुदत लिहिलेली नसेल, तर ब्राउझर बंद होताना सहसा तो पुसला जातो. लॉगिन टिकतं तेही यावरच: पासवर्ड एकदा तपासला की सर्व्हर एक लांबलचक, अंदाज न करता येणारा आकडा देतो. तो चोरणाऱ्याला पासवर्डची गरजच उरत नाही. म्हणून कुकीला ‘सिक्युअर’ आणि ‘एचटीटीपी-ओन्ली’ या खुणा लावता येतात. पहिलीमुळे कुकी फक्त कूटबद्ध जोडणीवरून जाते, दुसरीमुळे पानावरच्या जावास्क्रिप्टला ती दिसत नाही.

हे सगळं वापरणाऱ्याला न सांगता सुरू झालं. फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘फायनान्शियल टाइम्स’ने लिहिल्यावर त्याची जाहीर चर्चा झाली. तोवर जाहिरातवाल्यांना वाट सापडत चालली होती. पानावरचं चित्र दुसऱ्याच सर्व्हरवरून येऊ शकतं, आणि तो सर्व्हरही स्वतःची कुकी देऊ शकतो. डबलक्लिकसारख्या कंपनीची जाहिरात वर्तमानपत्राच्या साइटवर असली आणि बुटांच्या दुकानाच्याही, तर दोन्हीकडे तिची कुकी तिलाच परत मिळते, सोबत पानाचा पत्ताही. मॉन्टुलीचा नियम कुठेही मोडला नाही, तरी माणसाचा माग लागला.

फेब्रुवारी १९९७ मध्ये डेव्हिड क्रिस्टल आणि मॉन्टुली यांच्या नावाने आरएफसी २१०९ हा तांत्रिक दस्तऐवज निघाला. अशा परक्या कुकीज ब्राउझरने आपणहून स्वीकारू नयेत, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर या दोघांनीही ते पाळलं नाही. माझ्या मते या इतिहासातला खरा अपराध हाच. कुकी शोधणं नव्हे, तर बंद ठेवायचं दार माहीत असूनही उघडं टाकणं.

पुढची वीसहून अधिक वर्षं ते दार लोटण्यात गेली. युरोपने २००९ मध्ये संमतीची अट घातली आणि पानोपानी परवानगीच्या पाट्या आल्या. आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, हे युरोपीय न्यायालयाला २०१९ मध्ये सांगावं लागलं. सफारी ब्राउझरने २०२० मध्ये परक्या कुकीज पूर्ण रोखल्या. डबलक्लिक विकत घेतलेल्या गूगलने त्याच वर्षी आपल्या क्रोम ब्राउझरमधून त्या काढण्याचं जाहीर केलं, तारखा पुढे ढकलल्या आणि २०२४ मध्ये तो बेत सोडला. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये त्या आपल्या हाताने बंद करता येतात. तसं केलं तरी कार्ट आणि लॉगिन सहसा बिनघोर चालतात, कारण ती कामं त्या त्या साइटच्या स्वतःच्या कुकीवर चालतात.