हिंदी महासागरातल्या खळग्याचं कूळ

श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागराचं पाणी खाली बसलेलं आहे. पृथ्वीच्या गणिती आकारानुसार ते जिथे असायला हवं, त्याहून सुमारे १०६ मीटर खाली. हा खळगा जवळपास भारताएवढा पसरलेला आहे. वरून जाणाऱ्या जहाजाला मात्र उतार जाणवत नाही, कारण समपातळी ठरवतं तेच मुळी गुरुत्वाकर्षण. जिथे ओढ कमी, तिथलं पाणी जास्त ओढीकडे सरकतं. म्हणजे या समुद्राखाली कुठेतरी वजन कमी पडतंय.

ही ओढ समुद्रावर मोजायला शिकवलं फेलिक्स वेनिंग माइनेस या डच शास्त्रज्ञाने. हॉलंडच्या मऊ जमिनीची थरथर लंबकाला स्थिर झुलू देईना, म्हणून त्यांनी अनेक लंबक एकत्र झुलवून ती थरथर वजा करणारं उपकरण घडवलं. लाटांपासून सुटका हवी, म्हणून १९२३ साली ते उपकरणासह पाणबुडीतून जावाला निघाले. दोन मीटरहून उंच माणसाने त्या अरुंद नळकांड्यात काढलेले ते दिवस आठवले की मला त्यांच्या आकड्यांबद्दल वेगळाच आदर वाटतो. जावालगतच्या सागरी गर्तेवर त्यांना कमी ओढीचा चिंचोळा पट्टा सापडला. त्यावरून भूकवच तिथे खाली दाबलं जात असावं, असं ते मांडू लागले. त्याच सुमारास जपानमध्ये कियू वादाती शेकडो किलोमीटर खोलवरचे भूकंप नोंदवत होते. या दोन्ही खुणा जोडून, भूकवचाचा एक भूपट्ट दुसऱ्याखाली बुडतो हे चित्र पक्कं व्हायला मात्र १९६०चं दशक उजाडलं. श्रीलंकेच्या दक्षिणेचा तो मोठा खळगा माइनेस यांच्याच मोजणीतून १९४८ साली पुढे आला. त्याचं कारण गर्तेच्या पट्ट्याइतकं सोपं नव्हतं.

त्यासाठी टेथिस या लुप्त समुद्राकडे जावं लागतं. भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत असताना वाटेतला हा समुद्र आशियाखाली गेला. त्याच्या तळावरचा थोडा गाळ हिमालयात अडकला. गंडकीतला शाळिग्राम, आपल्या देवघरात पूजला जाणारा, हा त्याच समुद्रातल्या प्राण्याचा जीवाश्म. उरलेला तळ भूकवचाखालच्या प्रावरणात उतरला. थंड म्हणून तो जड, आणि जड म्हणून बुडतच राहिला. भूकंपलहरींच्या वेगावरून त्याचे तुकडे आज भारताखाली हजार किलोमीटरहून खोल दिसतात.

बुडणारा खडक प्रावरणाला स्वस्थ बसू देत नाही. चिखलात पाय रोवला की बाजूने चिखल वर येतो, तसं इथे कोट्यवधी वर्षं चालतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले देबांजन पाल आणि आत्रेयी घोष यांनी १४ कोटी वर्षांपूर्वीपासूनचा हा प्रवास संगणकावर मांडला आणि २०२३ मध्ये निष्कर्ष दिला: टेथिसचे तुकडे गाभ्याच्या काठापर्यंत पोचले, तिथे आफ्रिकेखालचा प्रचंड उष्ण साठा त्यांनी हलवला, आणि त्यातून उठलेलं तापलेलं, हलकं द्रव्य हिंदी महासागराखाली ३०० ते ९०० किलोमीटर खोलीवर येऊन पसरलं. वजन कमी पडतंय ते तिथे. खळग्याला आजचा आकार सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी आला.

सगळ्यांना हे पटलेलं नाही. असं उष्ण द्रव्य तिथे असेल तर त्यातून जाताना भूकंपलहरी मंदावायला हव्यात, आणि ते स्पष्ट दिसलं पाहिजे, असा आक्षेप आहे. त्याचं उत्तर संगणकात मिळणार नाही, समुद्रतळावर मिळेल. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने २०१८ साली याच खळग्याच्या तळाशी भूकंपमापक उतरवले होते, ते त्याचं कारण शोधण्यासाठीच.