मोटारगाडीची परीक्षा

पुणें जिल्ह्यांत तळेगांवें दोन. एक सेनापति दाभाड्यांचें, मावळांत, मुंबईच्या रेल्वेवर. दुसरें ढमढेऱ्यांचें, शिरूर तालुक्यांत, वेळ नदीच्या कांठीं, नगरच्या सडकेपासून अंमळ आंत. पत्त्यांत पुढचा शब्द लिहावयाचा राहिला कीं पत्र भलत्याच तळेगांवीं जावें, हा घोटाळा जुनाच आहे. अलीकडे ह्या दोन गांवांना जोडणारा एक नवा धागा निर्माण झाला आहे, आणि तो मोटारीच्या धंद्याचा. दाभाड्यांच्या तळेगांवीं अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीनें २००८ सालीं कारखाना उघडला; २०२० च्या डिसेंबरांत तो बंद पडला व पुढें कोरियाच्या ह्युंदाई कंपनीनें विकत घेतला. तेथून चाकणावरून जो रस्ता शिक्रापुरास येतो, तो ढमढेऱ्यांच्या तळेगांवाच्या जवळजवळ दाराशींच नगरच्या सडकेस मिळतो; आणि तसेंच नगरच्या बाजूस पुढें गेलें म्हणजे रांजणगांव लागतें. महागणपतीचें रांजणगांव तें हेंच. तेथें इटलीची फियाट कंपनी व आपली टाटा कंपनी ह्यांच्या भागीदारीचा कारखाना आहे.

ह्या रांजणगांवच्या कारखान्यांत तयार होणाऱ्या टाटांच्या नेक्सॉन नांवाच्या गाडीस १९१८ सालच्या नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनंतरच्या, म्हणजे २०१८ च्या डिसेंबरांत, धडकेच्या परीक्षेंत पांच तारे मिळाले. शंभर वर्षांमागचें साल मुद्दाम आठविलें तें अशासाठीं कीं, त्या काळीं ह्याच सडकेवर मोटार दिसली तर पोरें मागें धांवत. हिंदुस्थानांत बनलेल्या गाडीस पांच तारे मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. पण त्याआधीं पांच वर्षेंहि झालीं नव्हतीं, तोंच ह्याच परीक्षेंत आपल्या गाड्यांस शून्य मिळालें होतें. शून्यापासून पांचांपर्यंतचा हा प्रवास कसा झाला, तो कोणी घडविला, आणि तो घडण्यास इतका उशीर कां लागला, हा आमच्या समजुतीप्रमाणें आपल्या उद्योगाच्या इतिहासांतला मोठा बोधक भाग आहे.

आरंभ कुर्ल्यास करावा लागतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि १९४७ सालीं तिच्या कारखान्यांतून पहिली गाडी बाहेर पडली. पुढें फियाट कंपनीशीं करार होऊन जी लहान गाडी तेथें होऊं लागली, तीच कालांतरानें पद्मिनी ह्या नांवानें मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची अन्नदात्री झाली. त्या काळीं गाडीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. घरीं गाडी आली म्हणजे तिला हार घालून पेढे वाटीत. धडक झाली असतां ही आपलें काय करील, असा प्रश्न विचारण्याची छाती कोणाची? ज्या गिऱ्हाइकास गाडी मिळाली हेंच भाग्य वाटतें, तें गिऱ्हाईक चौकशी करीत नाहीं. आणि ज्याची चौकशी होत नाहीं ती वस्तु कारखानदार सुधारीत नाहीं.

परीक्षा मुळींच होत नव्हती असें मात्र नव्हे. १९६६ सालीं पुण्यास ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे आपण जिला ए.आर.ए.आय. म्हणतों ती संस्था, निघाली. वेताळ टेकडीच्या ज्या अंगास ती आहे, त्याला पुणेंकर ‘ए.आर.ए.आय. टेकडी’च म्हणतात, सकाळीं फिरावयास जाणाऱ्या शेंकडों लोकांपैकीं त्या अक्षरांचा अर्थ किती जणांस ठाऊक असेल कोण जाणें! ब्रेक, धूर, आवाज, दिवे ह्यांची तपासणी अशा संस्थांमार्फत होत आली. पण ह्या तपासणीचें उत्तर दोनच प्रकारचें असे: उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. गुणपत्रिका कोणाच्या हातीं पडत नसे.

योगायोग असा कीं, त्याच १९६६ सालीं अमेरिकेंत ह्या विषयाचें एक नाटक रंगलें होतें. राल्फ नेडर नांवाच्या तरुण वकिलानें आदल्या वर्षीं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हें पुस्तक लिहून, अपघाताचा सगळा दोष चालकाच्या माथीं मारणाऱ्या कारखानदारांस जाब विचारला. त्याचें पहिलें प्रकरण जनरल मोटर्सच्या कॉर्व्हेअर ह्या गाडीवर होतें. कंपनीनें त्याच्या पाळतीवर गुप्त हेर ठेविले. तें उघडकीस आलें, आणि त्या अवाढव्य कंपनीच्या अध्यक्षास सेनेटच्या समितीपुढें उभें राहून त्या तरुणाची क्षमा मागावी लागली. त्याच वर्षीं अमेरिकेनें मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा केला. १९७९ पासून तेथील सरकारी खातें नव्या गाड्या भिंतीवर आदळवून त्यांचे निकाल लोकांसाठीं छापूं लागलें.

ज्ञान तर त्यापूर्वींच होतें. मर्सिडीज कंपनीच्या बेला बारेनी ह्या इंजिनियरानें, गाडीचें पुढचें व मागचें अंग दबावें आणि मधली बैठक मात्र अभंग राहावी, ह्या कल्पनेचें पेटंट १९५० नंतर लवकरच मिळविलें होतें. आपल्याकडे अजून दार आपटून त्याच्या आवाजावरून ‘गाडी मजबूत आहे’ असें ठरविण्याची रीत आहे. परंतु झाडावरून पडणारा नारळ पाहावा. आघात सोसतें तें बाहेरचें मऊ सोडण. आंतली करवंटी शाबूत राहते. चोहोंकडून सारखीच ताठ असलेली गाडी धडकेचा सगळा हिसका आंतल्या माणसास पोंचविते. व्होल्व्हो कंपनीच्या नील्स बोलिन ह्यानें १९५९ सालीं खांद्यावरून व कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा तयार केला, आणि कंपनीनें तो इतर कारखानदारांस खुला ठेविला. आपल्या देशांत पुढच्या बैठकींस पट्टे लावणें सक्तीचें झालें तें १९९४ सालीं.

युरोपांत १९९७ सालीं युरो एनकॅप ही संस्था तारे वांटूं लागली. रोव्हर १०० ह्या लोकप्रिय लहान गाडीस एकच तारा मिळाला, आणि वर्षभराच्या आंत तिचें उत्पादन थांबलें. ही परीक्षा फारच कठीण, चार तारे कोणासच मिळावयाचे नाहींत, अशी कारखानदारांची ओरड चालू असतांनाच व्होल्व्होच्या एका गाडीनें ते मिळविलेहि. कायद्याचा दंड जें करीत नाहीं तें चारचौघांत झालेली नाचक्की करिते, हें तेव्हां प्रथम नीट समजलें.

ही परीक्षा घेतात कशी, तें पाहण्यासारखें आहे. गाडी चालकावांचून ओढून ताशीं ६४ किलोमीटर वेगानें एका अडसरावर आदळवितात. अडसराचें तोंड मधाच्या पोळ्यासारख्या ॲल्युमिनियमच्या जाळीचें असतें. समोरून आलेल्या दुसऱ्या गाडीप्रमाणें तें दबतें. गाडीचें सबंध तोंड न आदळतां चालकाच्या बाजूचा शेंकडा ४० भागच आदळतो, कारण रस्त्यावर समोरासमोर येणाऱ्या गाड्या बहुधा अशाच एका अंगानें भिडतात. आंत माणसाच्या वजनाचे व सांध्यांचे पुतळे बसविलेले. मागच्या बाकावर दीड व तीन वर्षांच्या मुलांएवढे दोन. त्यांच्या डोक्यांत, मानेंत, छातींत मापनयंत्रें असतात, आणि तोंडास रंग फांसलेला असतो, कीं डोकें कोठें आपटलें तें ठशावरून कळावें. डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत सगळें आटोपतें.

ग्लोबल एनकॅप ह्या संस्थेनें आपल्याकडील पांच गाड्या जर्मनींत नेऊन अशा तऱ्हेनें फोडल्या, आणि २०१४ च्या जानेवारीच्या अखेरीस निकाल जाहीर केला. मारुतीची आल्टो ८००, टाटांची नॅनो, ह्युंदाईची आय-१०, फोर्डची फिगो आणि फोक्सवॅगनची पोलो: पांचांसहि मोठ्या माणसांच्या संरक्षणाबद्दल शून्य. पहिल्या तिघींचा सांगाडाच टिकला नाहीं. उरलेल्या दोघींचा टिकला होता. पण आंत हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, नव्हती. ह्यांतली पोलो चाकणची. तीच गाडी, तोच कारखाना, तेच कामगार; दोन एअरबॅगा बसवून पुन्हां परीक्षा घेतली तों तिला चार तारे मिळाले. म्हणजे सुरक्षित गाडी करणें आपल्या कारागिरांस येत नव्हतें, असें नाहीं. तें कोणी सांगितलें नव्हतें, एवढेंच. परदेशीं ज्याच्यावांचून गाडी विकतां येत नाहीं, तें येथें स्वस्ताईच्या नांवाखालीं गाळलें जात होतें. फोक्सवॅगन कंपनीनें बिनपिशवीची पोलो विकणें तत्काळ बंद केलें, हें तिच्या पदरीं घातलें पाहिजे.

कारखानदारांचें त्या वेळचें उत्तर असें कीं, आमच्या गाड्या देशाच्या कायद्यास धरून आहेत. हें खरेंच होतें. आणि दुखणें नेमकें तेथेंच होतें. सबंध गाडी आदळवून पाहण्याची अट आपल्या कायद्यांत तोंपर्यंत नव्हतीच. ती नव्या नमुन्यांस १ ऑक्टोबर २०१७ पासून व जुन्यांस दोन वर्षांनीं लागूं झाली, आणि तिचा वेग ताशीं ५६ किलोमीटर ठरला. वेगांतील ही आठ किलोमीटरांची तफावत वाटते तितकी क्षुल्लक नाहीं; आघाताची शक्ति वेगाच्या वर्गानें वाढते, आणि हिशेब केला तर ती शेंकडा तीसनें अधिक भरते. चालकापुढची एअरबॅग २०१९ च्या जुलैपासून सक्तीची झाली. शेजारच्या उतारूची २०२१ च्या अखेरीस. तोंपर्यंत चालकाचा जीव वांचवावा आणि शेजारीं बसलेल्या गृहिणीचा दैवावर सोंपवावा, असाच ह्या क्रमाचा अर्थ होत होता!

नेक्सॉनची गोष्ट ह्या पार्श्वभूमीवर वाचावी. २०१८ च्या ऑगस्टांत तिला चार तारे मिळाले होते. पांचव्यासाठीं गाडी नव्यानें घडवावी लागली नाहीं. शेजारच्या उतारूनें पट्टा बांधला नाहीं तर कुरकुर करणारी घंटा सर्व गाड्यांत बसविली, बाजूच्या धडकेच्या कसोटीसहि गाडी उतरली, आणि डिसेंबरांत पांचवा तारा आला. मुलांच्या संरक्षणाचे तारे मात्र तीनच राहिले, ही गोष्ट जाहिरातींच्या गर्दींत मागें पडली.

पुढें ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री ह्यांचा अपघातांत अंत झाला. ते मागच्या बाकावर होते व पट्टा बांधलेला नव्हता. मागच्यांनींहि पट्टा बांधावा हा नियम आधींपासून होता. तो देशास त्या दिवशीं कळला. सहा एअरबॅगा सक्तीच्या करण्याचा विचार तेव्हां चालू होता, तो सरकारनें पुढें सोडला. त्याऐवजीं १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची तारे देण्याची योजना सुरू झाली. त्या डिसेंबरांत तिचे पहिले पांच तारे पुण्याच्याच टाटा कारखान्याच्या हॅरिअर व सफारी ह्या गाड्यांनीं नेले. आतां गाड्या जर्मनीस पाठवाव्या लागत नाहींत, हें चांगलें झालें. परंतु ही परीक्षा ऐच्छिक आहे. ज्यास पास होण्याची खात्री आहे त्यानेंच परीक्षेस बसावें, असा शिरस्ता पडला तर शून्य मिळणारी गाडी कोणाच्या दृष्टीस पडणार? २०१४ सालीं काम केलें तें ताऱ्यांनीं नव्हे, शून्यांनीं.

आणखी एक हिशेब राहतो. २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यावर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांतलीं शेंकडा ४४.५ दुचाकीवरचीं व शेंकडा १९.५ पायीं चालणारीं. म्हणजे दर दहा मृतांपैकीं सहांहून अधिक जणांस आंत बसावयास बैठकच नव्हती. दुचाकीस तारे देणारी परीक्षा आपल्याकडे नाहीं. भारत एनकॅपमध्यें वरचे तारे मिळण्यासाठीं पादचाऱ्यास कमी इजा व्हावी अशी गाडीच्या पुढच्या भागाची रचना लागते, हा एक चांगला आरंभ आहे. तरी ताऱ्यांचा मुख्य हिशेब कांचेच्या आंतल्यांचाच आहे.

पाळी सुटण्याच्या वेळीं शिक्रापूरच्या चौकांत उभें राहावें. चाकणकडून आणि रांजणगांवकडून लांबलचक ट्रक येतात; त्यांवर दोन मजल्यांत रचलेल्या, अजून क्रमांकहि न मिळालेल्या, चकचकीत गाड्या असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंनीं वाट काढीत कामगारांच्या दुचाकी निघतात. एकीवर दोघे, एकीवर तिघे, डब्याची पिशवी हँडलला, आणि शिरस्त्राण बहुधा आरशावर अडकविलेलें. त्या ट्रकांवरच्या गाड्यांचे सांधे ज्यांनीं जोडले, त्यांतले कांहीं ह्यांत असतात. ढमढेऱ्यांच्या तळेगांवाकडे वळावयाचें असलें तर त्यांना ही सडक सोडून बाजूस व्हावें लागतें, आणि तें वळण घेतांना मागून येणाऱ्या गाडीस किती तारे आहेत, हें त्यांना दिसत नाहीं.