राजवाड्यांची तारीख एक दिवस मागे का सरकते?

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे निधन धुळे येथे ३१ डिसेंबर १९२६ रोजी झाले. ही तारीख एका संगणकात नोंदवून दुसऱ्यात उघडली असता तिथे ३० डिसेंबर उमटू शकते. तोच प्रयोग उलट दिशेने करावा, तर दोष नाहीसा होतो. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड सिद्ध करणाऱ्या, मिती पारखून घेणाऱ्या संशोधकाच्या वाट्याला हे यावे!

या दोषाचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. त्या काळी गावाची वेळ सूर्यावरून ठरे. जळगाव धुळ्याच्या पूर्वेस असल्याने तिथे मध्यान्ह सुमारे ३ मिनिटे आधी होई. रेल्वेने मात्र मद्रासची वेळ स्वीकारली होती. त्यामुळे रेल्वेचे घड्याळ जळगावच्या सूर्यापेक्षा सुमारे १९ मिनिटे पुढे असे.

१ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. त्याच वर्षी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जिल्हा दुभंगला आणि वेळ एक झाली, असा हा योग. मोठी शहरे मात्र सहजासहजी नमली नाहीत. मुंबईत ३९ मिनिटे मागची ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत तग धरून होती. कलकत्त्याचीही स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेच्या २३ मिनिटे २० सेकंद पुढची.

जगभरातील बहुतेक संगणक ज्या सामायिक टाइम झोन डेटाबेसवर विसंबतात, त्यात साऱ्या भारताची नोंद ‘एशिया/कोलकाता’ या एकाच नावाखाली आहे. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत ऑक्टोबर १९४१ पर्यंत कलकत्त्याचीच स्थानिक वेळ देशभर गृहीत धरली होती. म्हणजे १९२६ सालचे धुळेही कलकत्त्याच्या घड्याळावर! पुढे ही नोंद सुधारली आणि १९०६ पासून साडेपाच तास आले. पण जुनी आवृत्ती बाळगणारी यंत्रे लगेच नाहीशी होत नाहीत.

आता हिशेब पाहावा. अनेक प्रणाली नुसती तारीखही त्या दिवसाची मध्यरात्र समजून ग्रिनिचच्या वेळेत साठवतात. जुन्या यंत्राने ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीतून ५ तास ५३ मिनिटे २० सेकंद वजा केले. नव्या यंत्राने वाचताना साडेपाच तासच मिळवले. उत्तर आले ३० डिसेंबर, रात्रीचे ११ वाजून ३६ मिनिटे ४० सेकंद. तारीख घसरली. नव्यात नोंदवून जुन्यात वाचावे, तर ३१ डिसेंबरचे १२ वाजून २३ मिनिटे होतात. तारीख शाबूत राहते, चूक दिसतच नाही. दोन्ही यंत्रे एकाच आवृत्तीची असली तरीही सारे बिनचूक. आजच्या तारखा घालून तपासणाऱ्यास तर काहीच सापडणार नाही, कारण ऑक्टोबर १९४५ नंतर दोन्ही आवृत्त्या एकमताने चालतात.

उपाय साधा आहे: निधनाची तारीख ही तारीख म्हणूनच साठवावी, तिला क्षण बनवू नये.

दुसऱ्या महायुद्धाने आणखी एक गाठ मारून ठेवली. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशातील घड्याळे एक तास पुढे होती. १९४३ साली जळगावात जन्मलेल्या मुलाची पत्रिका मांडताना जाणते ज्योतिषी घड्याळी वेळेतून आधी तो तास वजा करतात; न केल्यास लग्नरास बदलू शकते.