खाजऱ्या मेंढीपासून प्रायॉनपर्यंत

मेंदूची चाळण करणाऱ्या काही रोगांचे कारण म्हणजे जिवाणू नव्हे, विषाणूही नव्हे, तर घडी बिघडलेले एक प्रथिन असते, आणि अशा संसर्गक्षम प्रथिनाला ‘प्रायॉन’ म्हणतात, हे आज वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात दोन ओळींत सांगता येते. त्या दोन ओळींची कुळकथा मात्र अडीचशे वर्षांची आहे. आणि तिचे मूळ माणसांच्या रुग्णालयात नसून मेंढवाड्यात आहे.

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकापासून मेंढ्यांचा एक रोग नोंदलेला आढळतो. त्यात मेंढीला असह्य खाज सुटते, ती कुंपणाला अंग घासून लोकर झिजवते, पुढे तिचा तोल जातो आणि ती मरते. या घासण्यावरूनच रोगाला ‘स्क्रेपी’ हे नाव पडले. हा रोग आनुवंशिक की संसर्गजन्य, हा वाद शतकभर रेंगाळला होता. ज्याँ क्युये आणि पॉल-लुई शेल या तुलूझच्या पशुवैद्यांनी १९३६ साली रोगी मेंढीच्या मेंदू-मज्जारज्जूचा अर्क निरोगी मेंढ्यांना टोचला, एक वर्षाहून अधिक काळ वाट पाहिली आणि रोग उतरल्याचे दाखवले. त्यांच्या आधी हा प्रयोग करून काही महिन्यांत हात झटकणारे अपयशी ठरले, त्याचे कारण एवढेच, की हा रोग सवडीने प्रकट होतो.

याच सुमारास ब्रिटनमध्ये या संसर्गाचा दुसरा, कोणीही न मागितलेला पुरावा तयार होत होता. गोचिडांमुळे पसरणाऱ्या ‘लूपिंग-इल’ या मेंदूरोगावर डब्ल्यू. एस. गॉर्डन यांनी १९३५ साली मेंढ्यांचा मेंदू, मज्जारज्जू व प्लीहा वापरून लस बनवली आणि तिच्यातील विषाणू फॉर्मलिनने निष्प्रभ केला. लसीच्या सुमारे १८,००० मात्रांची एक तुकडी टोचल्यानंतर दोन-अडीच वर्षांनी सुमारे १,५०० मेंढ्यांना स्क्रेपी झाली. विषाणूला मारणाऱ्या फॉर्मलिनने या अज्ञात कारकाला काहीच केले नव्हते. प्रायॉनच्या इतिहासातील खरा पहिला धागा हाच मानावा लागेल, जरी तो हाती लागूनही त्याचा अर्थ कोणाला लागला नाही.

माणसांतील शाखा वेगळीच वाढत होती. जर्मनीत क्रॉइट्सफेल्ट आणि याकोब यांनी १९२०-२१ मध्ये झपाट्याने बुद्धिभ्रंश घडवणाऱ्या एका दुर्मीळ विकाराचे वर्णन केले. तो पुढे त्यांच्या नावांनी ओळखला गेला. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातील फोरे जमातीत, विशेषतः स्त्रिया आणि मुलांत, ‘कुरू’ नावाच्या कंपरोगाने माणसे मरत असल्याचे व्हिन्सेंट झिगास आणि कार्लटन गायदुशेक यांनी १९५७ साली जगासमोर आणले. मृत नातलगांचे अवशेष खाण्याची तेथील अंत्यविधीची प्रथा रोगाच्या मुळाशी होती, हे नंतर उलगडले. कुरूने मेलेल्यांच्या मेंदूची छायाचित्रे लंडनच्या एका वैद्यकीय प्रदर्शनात पाहताना विल्यम हॅडलो या अमेरिकन पशुवैद्याला स्क्रेपीच्या मेंढीचा मेंदू आठवला, कारण दोन्हींत पेशींमध्ये तशाच पोकळ्या होत्या. १९५९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या त्याच्या छोट्या पत्रात कुरूचा अर्क वानरांना टोचून दीर्घकाळ पाहावे, असे सुचवले होते. गायदुशेक, गिब्ज आणि आल्पर्स यांनी तसेच केले आणि १९६६ साली चिंपांझींत कुरू उतरल्याचे जाहीर केले. दोन वर्षांत क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोगही त्याच पद्धतीने संक्रमित झाला. गायदुशेक यांना १९७६ चे नोबेल मिळाले. मेंढ्यांच्या डॉक्टराचे नाव त्यात नव्हते.

हा कारक आहे तरी काय, या प्रश्नाला खिंडार पाडले ते किरणांनी. टिक्वा आल्पर यांनी १९६७ साली दाखवले, की विषाणूचा जनुकीय गाभा मोडणारा अतिनील प्रकाश या कारकाला पुरेशी इजा करत नाही. त्याच वर्षी ग्रिफिथ या गणितज्ञाने केवळ प्रथिनच स्वतःसारखे प्रथिन घडवू शकेल, अशी मांडणी केली. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ साली या कल्पनेला ‘प्रायॉन’ हे नाव दिले. आपल्याच शरीरातील निरोगी प्रथिनाला बिघडलेले प्रथिन आपल्या साच्यात ओढते, आणि ही साखळी पुढे चालू राहते. विरजणाने दूध दही व्हावे तसे हे आहे, फक्त विरजणात जिवंत जंतू असतात, इथे जिवंत काहीच नाही. म्हणूनच उकळणे वा फॉर्मलिन यांनी ते मरत नाही. ज्या उंदरांत ते मूळ प्रथिनच नव्हते, त्यांना स्क्रेपी होत नाही, हे १९९३ साली झुरिकमध्ये दिसले, तेव्हा विरोधकांची धार बोथट झाली. प्रुसिनर यांना १९९७ साली नोबेल मिळाले.

मधल्या काळात ब्रिटनमध्ये गायींचा स्पंजरोग, म्हणजे मेंदूत तशाच पोकळ्या पाडणारा विकार, फोफावला. १९८६ साली ओळखला गेलेला हा रोग मांस-हाडांच्या भुकटीतून पसरत होता. मेलेल्या व कत्तल झालेल्या जनावरांपासून केलेली ही स्वस्त प्रथिने वासरांना खाऊ घातली जात. १९८८ साली त्यावर बंदी आली, तरी १ लाख ८० हजारांवर गुरे बाधित झाली आणि १९९६ साली माणसांतील क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोगाचा नवा प्रकार जाहीर करावा लागला. आपल्याकडच्या चाकूर-उदगीर पट्ट्यातील देवणी आणि लाल कंधारी गुरांची वाट निराळी राहिली, कारण ज्वारीचा कडबा, सोयाबीनची गुळी आणि सरकीची पेंड हा त्यांचा आहार वनस्पतींचाच होता. तो कोणत्याही विज्ञानाने सुचवलेला नव्हता, शेतात जे उरते ते गोठ्यात जाते, एवढाच त्यामागचा हिशोब होता.

तरीही भारत या कथेत दोनदा येतो. १९६१ साली झ्लॉटनिक आणि कटियार यांनी हिमालयाच्या पायथ्याशी मेंढ्यांत स्क्रेपी आढळल्याची नोंद केली. आणि २००५ साली अ‍ॅलन व नॅन्सी कोल्चेस्टर यांनी ‘लॅन्सेट’मध्ये असा तर्क मांडला, की १९६० व १९७०च्या दशकांत ब्रिटनने खत आणि पशुखाद्यासाठी आणलेल्या लाखो टन हाडांपैकी जवळपास निम्मी भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातून आली होती, नदीत सोडलेल्या मानवी प्रेतांची हाडे त्यांत मिसळली असावीत, आणि गायींचा रोग त्यांतूनच उद्भवला असावा. बेंगळुरूच्या निमहान्समधील शंकर आणि सतीशचंद्र यांनी त्याच अंकात या तर्कावर गंभीर शंका घेतल्या. हाडांचा व्यापार खरा होता. पण ‘असावे’च्या साखळीतील एकही दुवा प्रयोगाने सिद्ध झालेला नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१० साली भारताला गायींच्या या रोगाबाबत नगण्य धोक्याच्या देशांत गणले, आणि दुग्धजन्य पदार्थ आयात करताना, ते दूध देणारी जनावरे रवंथ करणाऱ्यांच्या अवयवांपासून केलेले खाद्य खाऊन वाढलेली नाहीत, असे प्रमाणपत्र भारत मागतो. या अटीमागे रोगभयाइतकीच धर्मभावनाही आहे, आणि अमेरिकेबरोबरच्या व्यापारी वाटाघाटींत ती वारंवार आडवी येते.