मलिक अंबर - पाण्याचा आणि गनिमी काव्याचा माणूस

जपानच्या यादवी युद्धांच्या काळातल्या सरदारांबद्दल वाचायला लागलं की माणूस त्यातच अडकतो. हिदेयोशी हा साध्या घरातून वर आलेला गडी सगळ्या जपानचा मालक झाला आणि १५९८ मध्ये वारला. पण मंडळी, नेमका त्याच काळातला, तितकाच भन्नाट माणूस आपल्या औरंगाबादेत (म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात) होऊन गेला. मलिक अंबर!

जन्म साधारण १५४८ चा, इथिओपियातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनला आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्या पदरी राहिला. १६०० मध्ये अकबराच्या फौजेने अहमदनगर घेतलं. निजामशाही संपली, असंच सगळ्यांना वाटलं असणार. अंबरने परांड्याला दुसरा मुर्तझा गादीवर बसवला आणि कारभार स्वतःच्या हातात ठेवला. मराठा घोडेस्वार घेऊन मोगलांची रसद तोडायची, समोरासमोर लढाई टाळायची, हा त्याचा खाक्या.

१६१० मध्ये त्याने खडकी गाव वसवलं, तेच आपलं शहर. १६१६ मध्ये काही मराठे सरदार मोगलांना मिळाले, रोषणगावला अंबर हरला आणि मोगलांनी खडकी जाळली. गड्याने ती पुन्हा उभी केली. १६२४ ला भातवडीच्या तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूच्या छावणीत चिखल केला आणि मोगल-आदिलशाही फौजेला लोळवलं. शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले.

भातवडीला ज्याने पाणी हत्यार म्हणून वापरलं, त्यानेच खडकीला पाणी पाजलं. हर्सूलच्या बाजूने जमिनीखालून आणलेली नहर-ए-अंबरी. पंप नाही, मोट नाही, नुसता उतार! साफसफाईला ठरावीक अंतरावर मॅनहोल. आज शहराचं पाणी जायकवाडीहून पंपाने चढवावं लागतं, तेव्हा या हिशोबाची किंमत कळते.

आता खरा प्रश्न. १६२६ मध्ये अंबर गेला, १६३३ ला त्याच्या मुलाने, फतहखानाने, दौलताबाद मोगलांच्या हवाली केला आणि १६३६ पर्यंत निजामशाही नकाशावरून पुसली गेली. तिकडे तोकुगावा इएयासूने १६०३ मध्ये शोगुनपद मिळवलं आणि दोनच वर्षांत, स्वतः धडधाकट असताना, मुलाला दिलं. ते घराणं १८६८ पर्यंत टिकलं. आमच्या धंद्यात याला 'सिंगल पॉईंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. अख्खी सिस्टिम एका माणसाच्या डोक्यात, तो गेला की सर्व्हर बंद!

नहरीचं तसं नव्हतं. तिला अंबरची गरज नव्हती, फक्त उताराची आणि साफसफाईची होती. म्हणून राज्य बुडालं, गावाचं नाव फतेहनगर झालं, मग औरंगाबाद झालं, तरी पाणी पुढे कित्येक पिढ्या वाहत राहिलं. नंतर आपण तिच्यावर घरं बांधली, मॅनहोल बुजवले... असो. अंबरची कबर खुलताबादला आहे. वेरूळला जाताना एकदा तिथे थांबा.